खुर्चीला हात लावू नये

खरा इतिहास सांगूनही माणसांना दोन तास कडाक्याच्या थंडीत उभे ठेवता येते, हे मी त्या शनिवारी सिद्ध करून दाखवणार होतो. नुसते उभे ठेवणार नव्हतो, खिळवून ठेवणार होतो! बॉस्टनमध्ये पर्यटकांना हिंडवणारे पुष्कळ आहेत; परंतु पर्यटकांना सांगितलेले प्रत्येक वाक्य न्यायालयात शपथेवर पुन्हा उच्चारू शकेल असा वाटाड्या या शहरात एकच आहे आणि तो म्हणजे मी, ऑल्डन प्रॅट! त्या सकाळी आरशासमोर मफलर गुंडाळताना हे वाक्य मी मोठ्याने म्हणूनही पाहिले.

"कुणाशी भांडतोयस?" स्वयंपाकघरातून माझ्या बायकोचा, हॅरिएटचा, आवाज आला.

"कुणाशीच नाही."

"मग ठीक. मला वाटलं, आज सकाळपासूनच सुरुवात."

एवढे बोलून तिने कानातले श्रवणयंत्र काढून बशीत ठेवले. तिला कमी ऐकू येते ते अगदी थोडे. पण मी बोलण्याच्या बेतात आहे असे दिसले की ते यंत्र तिला टोचू लागते. मुले दूरच्या राज्यांत पांगली. फोन केला की त्यांच्याकडे नेमके दूध उतू जाते. तेव्हा माझे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेणारी माणसे आता या जगात उरली होती ती फक्त तिकीट काढून आलेली. आणि ब्रेंडाच्या म्हणण्याप्रमाणे तीही आटत चालली होती.

ब्रेंडा मुल्काही ही आमच्या सहल कंपनीची मालकीण. तिच्या पदरी असलेले बाकीचे वाटाडे त्रिकोणी टोपी घालतात, गुडघ्यापर्यंतची विजार घालतात, लाकडी बंदुकीतून तोंडाने आवाज काढतात. एक जण तर स्वातंत्र्याचे नाव घेताच रडतो, दिवसातून तीन फेऱ्या असल्या तर तीनदा! मी साधा ओव्हरकोट घालतो आणि माझ्या फेरीचे नाव 'सत्य इतिहास' असे आहे. त्या आठवड्यात ब्रेंडाने मला कचेरीत बोलावून घेतले.

"ऑल्डन, लोक तुमच्याबद्दल काय लिहितात ते वाचून दाखवू?"

"अवश्य."

"'गृहस्थ विद्वान आहेत. माझ्या पायांची बोटं अजून जागेवर आलेली नाहीत.'"

"पहिलं वाक्य चांगलं आहे."

"पुढचं ऐका. 'बंदरात चहाच्या पेट्या फेकल्या त्या प्रकाराला त्या काळी कुणी पार्टी म्हणत नसे, हे आम्हाला इतका वेळ समजावलं गेलं, की शेवटी मीच बंदरात उडी टाकणार होतो.'"

"पण म्हणत नसतच, ब्रेंडा! ते नाव कित्येक वर्षांनी..."

"नसतील म्हणत!" तिने टेबलावर हात आपटला. "लोक सुट्टीवर येतात हो! त्यांना काहीतरी घडताना पाहायचं असतं. तुमच्या फेरीत काही घडतच नाही. तुम्ही एकेका जागेपाशी उभे राहून तिथं काय घडलं नव्हतं ते सांगता!"

हे वाक्य अन्यायाचे होते आणि दुर्दैवाने सुबक होते. ब्रेंडा पुढे बोलतच होती.

"या शनिवारची फेरी शेवटची समजा. लोक खूश झाले तर 'सत्य इतिहास' चालू राहील. नाही तर सोमवारपासून टोपी, विजार आणि तुम्ही भुतांच्या फेरीवर. आणि लक्षात ठेवा, त्या घोळक्यात माझे डोळे असतील."

माझे डोळे! याचा अर्थ उघड होता. पर्यटकाच्या वेषात ब्रेंडा एक परीक्षक पाठवणार होती. सोमवारी बिनमुंडक्याच्या खलाशाची गोष्ट सांगत स्मशानातून हिंडायचे की नाही, हे त्या एका माणसावर अवलंबून होते.

शनिवारी घोळका जमला तेव्हा मी परीक्षकाला पहिल्या नजरेत ओळखले. तो स्वतःला ड्वेन क्रेब्स म्हणवत होता आणि ओहायोहून आल्याचे सांगत होता. अंगावर ओहायोच्या संघाची टोपी, ओहायोच्या विद्यापीठाचा स्वेटर, तोंडी ओहायोच्या मक्याचे कौतुक! एवढा ओहायोचा माणूस ओहायोतसुद्धा आढळत नाही. शिवाय तो मधूनमधून फोनवर काहीतरी टिपत होता, आणि माझ्या प्रत्येक विधानावर प्रश्न विचारत होता. पैसे भरलेला खरा पर्यटक प्रश्न विचारत नाही. तो प्रसाधनगृह कोठे आहे ते विचारतो.

"ती बंकर टेकडी कुठली हो, प्रॅटसाहेब? लढाई झाली ती?"

"लढाई त्या टेकडीवर झालीच नाही. शेजारच्या टेकडीवर झाली."

"आणि तो मोठा स्तंभ आहे तो?"

"तो बरोबर जागी आहे. नाव तेवढं चुकीचं आहे."

"म्हणजे चढायचा की नाही?"

"चढा ना! फक्त बंकर टेकडी चढून आलो असं कुणाला सांगू नका."

"एवढं चढून मग सांगायचं काय?" ड्वेनने गंभीरपणे विचारले आणि फोनवर टिपून घेतले. घोळक्यातील दोघे तिघे हसले. चाचणीच होती ती! मी मान ताठ केली.

गुरुवारी रात्री हिमवादळ येऊन गेले होते. पर्यटकांनी चालावे म्हणून रस्त्यात लाल विटांची जी रेघ आखलेली आहे ती बर्फाखाली गडप झाली होती, आणि खाडीवरून येणारा वारा मुलाखत घेतल्यासारखा प्रत्येकाच्या कोटात शिरून विचारपूस करत होता. नॉर्थ एंड या जुन्या इटालियन वस्तीच्या अरुंद गल्ल्यांत पोचेपर्यंत सगळ्यांची नाके उकडलेल्या शेवंडीसारखी लाल झाली. पण माझे सर्वांत भक्कम प्रकरण तर पुढेच होते! जुन्या चर्चच्या मनोऱ्यात जे दोन कंदील लावले ते, इंग्रज फौज येतेय अशी खबर देत रात्री दौडलेल्या त्या प्रसिद्ध घोडेस्वाराला इशारा देण्यासाठी नव्हते. ते त्याच्याच सांगण्यावरून खाडीपलीकडच्या लोकांसाठी लावले होते. हा भेद मी असा काही उलगडतो की... ते असो.

"जरा बसायला मिळेल का?" ड्वेन म्हणाला. "माझा गुडघा बोंबलतोय."

आणि येथे ती खुर्ची आली.

आमच्या शहरात जन्मलेला माणूस पुष्कळ गोष्टींचा अनादर करतो. तो तांबड्या दिव्याचा करतो, राज्यपालाचा करतो, सासूचा करतो. परंतु बर्फ पडल्यावर ज्याने फावड्याने उपसून गाडी उभी करण्याची जागा मोकळी केली, त्या माणसाने त्या जागेत ठेवलेल्या खुर्चीला तो हात लावत नाही. खुर्ची नसेल तर इस्त्रीचे टेबल असते, मोडका पंखा असतो, पण त्याचा अर्थ एकच: ही जागा कमरेचे काटे ढिले करून मिळवलेली आहे. महापालिका दोन दिवस डोळेझाक करते. त्यानंतर कायदा खुर्चीच्या विरुद्ध असतो आणि अख्खी गल्ली कायद्याच्या विरुद्ध असते.

ही खुर्ची स्वयंपाकघरातली होती. लोखंडी पायांची, फाटक्या पिवळ्या रेक्झिनची. तिच्यावर संत अँटनीचा हातभर उंचीचा प्लास्टरचा पुतळा कपडे वाळत घालायच्या दोरीने बांधलेला होता. ड्वेनने दोरी सोडली, संताला उचलून बाजूच्या बर्फाच्या ढिगात रोवले आणि तो खुर्चीवर बसला.

"अहो, उठा!" हे शब्द ओठांपर्यंत आले आणि तेथेच थांबले. परीक्षकाला 'उठा' म्हणायचे? दुखऱ्या गुडघ्याच्या परीक्षकाला? मी मनातल्या मनात युक्तिवाद रचला. बसणे म्हणजे हलवणे नव्हे. खुर्ची जागेवर आहे, जागा अडलेली आहे, किंबहुना ड्वेनच्या वजनाने ती पूर्वीपेक्षा अधिक भक्कमपणे अडलेली आहे. युक्तिवादात कोठेही फट नव्हती.

"आवाज नीट पोचत नाही हो," असे म्हणून ड्वेन उठला आणि त्याने खुर्ची ओढत फूटपाथवर आणली.

तत्क्षणी, जणू कोपऱ्यावर दबा धरूनच बसलेली असावी अशी, एक काळी गाडी त्या मोकळ्या जागेत शिरली. तिच्यावर न्यूयॉर्कची पाटी होती! तिच्यातून उतरलेला गृहस्थ दार आपटून, आमच्याकडे ढुंकूनही न पाहता, मिठाईच्या दुकानाच्या दिशेने चालता झाला.

वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली.

"कोण रे तो मेला?"

मी वर पाहिले. काळ्या शालीतली एक सत्तरी ओलांडलेली बाई अर्धी खिडकीबाहेर आली होती.

"माझी खुर्ची कुणी हलवली? माझ्या अँटनीला बर्फात कुणी पुरला? थांबा तिथंच! खाली येते!"

"आपण पुढे जाऊ या," मी घोळक्याला म्हणालो.

"छे छे!" ड्वेन म्हणाला. "आता कुठं रंग चढतोय."

ती खाली आली. फिलोमेना याकोवेल्ली हे तिचे नाव मला पुढच्या अर्ध्या मिनिटात कळले, कारण दारादारांतून बाहेर आलेले शेजारी तेच नाव ओरडून "काय झालं?" असे विचारत होते. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले.

"या सगळ्यांचा म्होरक्या तू?"

"मी यांचा वाटाड्या आहे, बाई."

"बोलण्यावरून इथलाच दिसतोस. इथला असून खुर्ची हलवू दिलीस? लाज नाही वाटली? काल दिवसभर मी एकटीनं उपसलीय ही जागा! माझा मुलगा रॉको माझ्या बहिणीला इस्पितळातून घेऊन येतोय. खुब्याचं ऑपरेशन झालंय तिचं. आता तिला काय चर्चपासून घसरत आणू?"

येथे कोणीही समंजस माणूस क्षमा मागून मोकळा झाला असता. मलाही ती मागायची होती. परंतु परीक्षक ऐकत होता, आणि मला वाटले, विषयावरील प्रभुत्व दाखवण्याची संधी ही अशीच चालून येते!

"बाई, तुमच्या अडचणीविषयी मला खेद आहे," मी म्हणालो. "पण मुद्दा असा, की सार्वजनिक रस्ता ही खाजगी मालमत्ता नव्हे. खुर्ची ठेवल्याने जागेवर मालकी सिद्ध होत नाही. ही निव्वळ रूढी आहे, तिला कायद्याचा आधार नाही."

दारांतले शेजारी आणखी पुढे सरकले.

"कायदा?" फिलोमेना हळू आवाजात म्हणाली आणि मग तिचा आवाज जिना चढावा तसा चढत गेला. "दुसऱ्याचा चहा उचलून पाण्यात फेकला तो कुठल्या कायद्यानं? त्याच्या तुम्ही सहली काढता! तिकिटं लावता! आणि मी म्हातारीनं स्वतःच्या हातानं बर्फ उपसून एक खुर्ची ठेवली तर मला कायदा शिकवतोस होय रे, सुकलेल्या बोंबला?"

घोळक्याने कडकडून टाळ्या वाजवल्या.

मी थक्क होऊन वळलो. सकाळपासून मलूल पडलेले ते चेहरे उजळले होते. ज्या बाई दोन तास जांभया देत होत्या त्यांनी फोन उंच धरून चित्रण सुरू केले होते.

"काय काम करते ही बाई!" कोणीतरी म्हणाले. "आणि या वाटाड्यानं आधी काहीच कळू दिलं नाही हं!"

"मंडळी, हे नाटक नव्हे!" मी ओरडलो.

"वा!" ड्वेन मांडीवर थाप मारून म्हणाला. "अगदी खरं वाटतं!"

एव्हाना शेजाऱ्यांनी फावडी आणली होती. परक्या गाडीने राखलेली जागा घेतली तर तिचे काय करायचे, याविषयी आमच्याकडे सभा भरवावी लागत नाही. पहिला ढीग न्यूयॉर्कच्या गाडीच्या काचेवर पडला. दुसरा टपावर. मग ओहायोने एक फावडे मागून घेतले! पाहता पाहता माझा सगळा घोळका, दुखऱ्या गुडघ्यासकट, बर्फ उपसून गाडीवर टाकू लागला. ज्या माणसांच्या पायांची बोटे थंडीने जात होती ती कोट काढून घाम पुसत होती. "स्वातंत्र्य!" असे कोणीतरी ओरडले. "चहा बंदरात!" दुसऱ्याने साथ दिली. मी गाडीच्या दाराला पाठ लावून दोन्ही हात पसरले.

"थांबा! ही कुणाची तरी खरी गाडी आहे हो!"

"हा इंग्लंडच्या राजाचा माणूस!" ड्वेन आनंदाने किंचाळला. "राजाच्या माणसाला बर्फ मारा!"

पहिला गोळा माझ्या कानावर बसला, दुसरा तोंडावर. बर्फ कॉलरमधून आत शिरून पाठीवरून पायउतार होत होते, आणि तशाही अवस्थेत मी स्वतःला आवरू शकलो नाही.

"राजाच्या पहारेकऱ्याला बर्फाचे गोळे मारले ते इथं नव्हे!" मी ओरडलो. "ते जुन्या सरकारी वाड्यासमोर, आणि त्यात..."

तिसऱ्या गोळ्याने ते वाक्य माझ्या तोंडातच बुजवले. हास्याचा असा स्फोट झाला की खिडक्यांच्या वळचणीचे बर्फ खाली आले. इतक्या वर्षांत माझ्या कोणत्याही वाक्याला एवढी दाद मिळाली नव्हती.

तोच मिठाईची दोऱ्याने बांधलेली पांढरी पेटी हातात घेऊन न्यूयॉर्कचा गृहस्थ परतला. गाडीच्या जागी टेकडी पाहून त्याने पेटी जमिनीवर टाकली आणि आपल्या गावच्या ठेवणीतल्या सगळ्या शिव्या एका श्वासात दिल्या. घोळक्याने त्यालाही टाळ्या दिल्या. तो गोंधळला. टाळ्या थांबेनात. एका बाईने त्याच्या शेजारी उभे राहून फोटो काढून घेतला. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, त्या गृहस्थाने हळूच केस सारखे केले! पुढच्या शिव्या तो जरा खणखणीत उच्चारून देऊ लागला.

शेवटी पोलीस आला. डीझी नावाचा लालबुंद गालांचा, थोराड, याच भागातला शिपाई. माझा जीव भांड्यात पडला.

"माझी गाडी पुरली या लोकांनी!" न्यूयॉर्क म्हणाले.

"ते बघू नंतर," डीझी म्हणाला. त्याची नजर फूटपाथवरच्या खुर्चीवर खिळली होती. मग ती बर्फात कमरेपर्यंत रुतलेल्या संत अँटनीकडे गेली. त्याने टोपी काढली.

"खुर्ची कुणी हलवली?"

फावडी थांबली.

मी ड्वेनकडे पाहिले. ड्वेन प्रसन्न चेहऱ्याने, पुढचा प्रवेश काय असेल या उत्सुकतेने, माझ्याकडे पाहत होता. खरे बोलायला एक बोट पुरेसे होते. नुसते उचलायचे होते. पण त्या बोटापलीकडे मला सोमवार दिसत होता. ती विजार दिसत होती. रात्रीच्या स्मशानात हातात कागदी मुंडके घेऊन उभा असलेला मी दिसत होतो. आणि 'सत्य इतिहास' ही फेरी वाचवण्यासाठी मी, ऑल्डन प्रॅट, भर गल्लीत, गणवेशातल्या पोलिसासमोर धडधडीत खोटे बोललो.

"मी."

"तुम्ही?" डीझीचा आवाज दुखावलेला होता. "इथले असून?"

"इथला असून."

"मावशी," तो फिलोमेनाला म्हणाला, "हा म्हणतोय त्यानंच हलवली. काय करायचं?"

फिलोमेनाला विचार करावा लागला नाही.

"आधी गाडी उपसू दे यानं. एकट्यानं. मग ती गाडी जाऊ दे तिच्या गावी. आणि रॉको येईपर्यंत खुर्चीच्या जागी हा उभा राहू दे. कळेल जागा राखणं म्हणजे काय!"

"कायद्यात अशी शिक्षा..." मी सुरुवात केली.

"नाही तर माझ्याकडे दंडाची पावती आहे," डीझी म्हणाला, "आणि या साहेबांची तक्रार आहे."

मी फावडे घेतले. ते कसे चालवले याचे वर्णन करण्याइतका मी उदार नाही. न्यूयॉर्कचे साहेब फिलोमेनाच्या दारात उभे राहून तिच्या हातची कॉफी पीत मला "डावीकडे अजून राहिलंय" असे सांगत होते. गाडी निघाल्यावर फिलोमेनाने संत अँटनीला रुमालाने पुसले आणि माझ्या हातात दिले.

"नीट धर. माझ्या आईचा आहे."

मी त्या मोकळ्या जागेच्या मधोमध, दोन्ही बाजूंना छातीपर्यंत बर्फ, कडेवर संत, असा उभा राहिलो. मला वाटले, आता घोळका पांगेल. पण फिलोमेना फूटपाथवरच्या खुर्चीवर बसली, कॉफीचे भांडे मांडीवर घेतले, आणि ड्वेनने तिला विचारले, "मावशी, ते कंदिलांचं काय प्रकरण होतं हो?"

माझे प्रकरण! माझे सर्वांत भक्कम प्रकरण!

"कंदील ना?" ती म्हणाली. "अरे, मनोऱ्याला लावलेली शिडी माझ्या पणजोबांच्या आजोबांनी धरली होती. हात भाजला त्यांचा तेलानं. तो डाग आमच्या घराण्यात सगळ्यांना असतो. हा बघा."

तिने मनगट पुढे केले. घोळका त्याभोवती मधमाश्यांसारखा जमला.

"त्या काळी या गल्लीत एकही इटालियन नव्हता!" मी बर्फातून ओरडलो. "तुमची माणसं इथं आली शंभर वर्षांनी! आणि तो डाग कढईचा आहे!"

फिलोमेनाने मान वळवण्याचेही कष्ट घेतले नाहीत.

"खुर्च्या बोलत नसतात," ती म्हणाली.

ड्वेन हसता हसता गुडघ्यावर कोसळला. दुखऱ्याच गुडघ्यावर, पण आता त्याचे त्याला काही नव्हते. मी आणखी तीन दुरुस्त्या केल्या, एक तारखेची आणि दोन वंशावळीच्या. प्रत्येक वेळी सगळे एका सुरात ओरडले, "खुर्च्या बोलत नसतात!" चौथी दुरुस्ती मी अँटनीच्या कानात सांगितली. माझ्या कुशीतला अँटनी तेवढा समजूतदारपणे पाहत होता. त्याचेही नाक उडालेले होते.

रॉकोची गाडी आली तेव्हा माझे पाय मला कळेनासे झाले होते. मागच्या सीटवरून एक बारीक, पांढरी पडलेली म्हातारी कुबड्यांवर उतरली. मी बाजूला सरून तिला हात दिला. तिने माझ्याकडे आणि माझ्या कडेवरच्या संताकडे पाहिले.

"फिलोमेना, हा गं कोण?"

"काही नाही. खुर्ची."

"बरं," म्हातारी म्हणाली, आणि माझ्या दंडाला धरून पायरीपर्यंत गेली. त्या दिवसभरात कोणी माझा उपयोग कबूल केला असेल तर तो एवढाच.

सोमवारी मी ब्रेंडाच्या कचेरीत गेलो तो राजीनाम्याचे भाषण मनात घोळवत. ते चांगले साधलेले भाषण होते. ब्रेंडा दारातच माझ्या गळ्यात पडली!

"ऑल्डन! कुठं लपवली होतीत ही कला? लोक वेडे झालेत! ऐका: 'आयुष्यातली सर्वोत्तम सहल.' 'शेवटी खरा इतिहास पाहायला मिळाला.' 'म्हातारीचे काम अप्रतिम. राजाच्या माणसाचे काम करणारे गृहस्थ जरा जास्तच ओरडतात, पण बर्फ खाताना नैसर्गिक वाटतात.'"

"आणि परीक्षक काय म्हणाला?" मी विचारले.

"कोण परीक्षक?"

"ड्वेन क्रेब्स. तुझे डोळे."

"तो ओहायोचा? तो नळाचे सुटे भाग विकतो हो! डोळे म्हणजे लोकांचे अभिप्राय, दुसरं काय! मी कशाला परीक्षक पाठवू? मला परवडतो?"

मी खुर्चीवर बसलो. नळाच्या सुट्या भागांसाठी मी खोटे बोललो होतो.

"मी काल त्या फिलोमेनाबाईंशी बोलून आले," ब्रेंडा पुढे म्हणाली. "दर शनिवारी त्या तयार आहेत. शेजारी तयार आहेत. तो पोलीससुद्धा सुट्टीच्या दिवशी येतो म्हणाला. फेरीचं नाव 'सत्य इतिहास' हेच ठेवू, लोकांना ते फार आवडलंय. फक्त सांगण्याचं काम बाई करतील."

"आणि मी?"

ती जरा घुटमळली, एवढे मी तिच्या बाजूने नमूद करतो.

"तुम्ही जागा राखायची, ऑल्डन. त्यात तुमचा हात कुणी धरणार नाही."

मी वाद घातला. दुपारपर्यंत घातला. शेवटी तिने माझी एक अट मान्य केली, की प्रत्येक फेरीत मला एक, फक्त एक, खरे वाक्य बोलता यावे, आणि त्या वेळी कोणी मला अडवू नये. फिलोमेनाही कबूल झाली. "बोलू दे की," ती म्हणाली, "एका वाक्यानं काय होतंय."

बॉस्टनच्या इतिहासातून एकच वाक्य निवडायचे! मी किती वाक्ये घडवली आणि मोडली ते हॅरिएटला विचारा. किंवा नको, तिने ऐकलेली नाहीत. बर्फ वितळले तेव्हा फेरी बंद पडेल अशी मला आशा होती. ब्रेंडाने कापूस आणला. भर जूनमध्ये, लोक अर्ध्या चड्डीत आइस्क्रीम चाटत उभे असताना, मी गळ्यापर्यंत कापसात ओव्हरकोट घालून घामाने निथळत संत अँटनीला धरून उभा असतो. आणि एवढे बर्फ कोठून आले, असे आजवर एकाही पर्यटकाने विचारलेले नाही.

मग माझी वेळ येते. फिलोमेना कॉफीचे भांडे खाली ठेवते, शेजारी फावडी टेकवतात, आणि मी, अत्यंत काळजीपूर्वक, प्रत्येक शब्द सुटा सुटा उच्चारून म्हणतो:

"मंडळी, इथं तुम्हाला सांगितलेलं सगळं खोटं आहे."

सगळ्यात मोठा हशा त्यालाच येतो.